पहिल्या दोन सेकंदांत ओळखू येणारी जुनी इंग्रजी गाणी: ती घडली कशी, ऐकायची कशी

मंद्रसप्तक

जुन्या इंग्रजी गाण्यांचा विषय निघाला की गप्पा ठरलेल्या वाटेनं जातात. कॉलेजचे दिवस, रेडिओ सिलोनची खरखर, कोणाकडून कुठली कॅसेट भरून आणली, कोणाच्या घरी रेकॉर्ड प्लेअर होता. ऐकायला छान वाटतं, पण त्यात गाणं बाजूलाच राहतं. आज साठी-सत्तरीतली माणसं जिम रीव्हज, कार्पेंटर्स, बीटल्स, ईगल्स, अ‍ॅबा ऐकतात ती केवळ तरुणपण आठवतं म्हणून, हे मला अजिबात पटत नाही. त्याच काळातली कितीतरी गाणी तेव्हा गाजली आणि आज त्यांचं नावही कोणी काढत नाही. जी टिकली त्यांतली बहुतेक पहिल्या दोन सेकंदांत ओळखू येतात, शब्द सुरू व्हायच्याही आधी. हे आपोआप होत नाही. कोणीतरी स्टुडिओत ठाण मांडून तो ध्वनी शोधलेला असतो.

या धाग्यावर त्याबद्दल बोलूया. एक गाणं घ्या आणि त्यात नेमकं काय ऐकायचं ते सांगा. आवडत्या गाण्यांच्या याद्या कृपया नकोत, त्या सगळीकडे मिळतात.

सुरुवात जिम रीव्हजपासून करतो. हा टेक्ससचा माणूस आधी बेसबॉल खेळायचा, मग रेडिओवर निवेदक झाला. १९५३ चं त्याचं 'मेक्सिकन जो' ऐका. इतर कंट्री गायकांसारखाच खडा, मोकळा आवाज. आणि मग १९५७ चं 'फोर वॉल्स' लावा. तोच माणूस, पण आवाज खाली आणलाय आणि तोंड माइकच्या अगदी जवळ. निर्माता होता चेट अ‍ॅटकिन्स, जो स्वतः फार मोठा गिटारवादक. या दोघांनी मिळून जे केलं त्याला पुढे नॅशव्हिल साउंड म्हणू लागले: फिडल आणि स्टील गिटार काढून टाका, पियानो आणि मंद कोरस ठेवा, गायकाला श्रोत्याच्या जवळ आणा.

त्याचं टोक म्हणजे १९५९ च्या शेवटी आलेलं 'हील हॅव टू गो'. प्रसंग टेलिफोनवरचा. प्रेयसी पलीकडे आहे, तिच्याजवळ दुसरा कोणीतरी आहे आणि हा हळू आवाजात तिला विचारतोय. माइकला चिकटून गाणं इथे नुसतं तंत्र राहत नाही, गोष्टच त्यावर उभी आहे. हेडफोन लावून कडव्याची शेवटची ओळ ऐका. आवाज पायरी पायरीनं उतरत खर्जात जातो आणि शेवटच्या शब्दावर टेकतो. तिथे तो जोर लावत नाही, आवाज नुसता सोडून देतो. व्हायब्राफोनचे, म्हणजे धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याचे, दोन-चार स्वर सोडले तर मागे जवळपास कोणी नाही. ३१ जुलै १९६४ ला स्वतःचं छोटं विमान चालवताना नॅशव्हिलजवळ अपघातात तो गेला, वय अवघं चाळीस. त्यानंतर दोन वर्षांनी, १९६६ मध्ये, 'डिस्टंट ड्रम्स' इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

दुसरं बीटल्सचं 'इन माय लाइफ', १९६५. मधल्या तुकड्यात जे वाजतं ते हार्प्सिकॉर्ड (तारा छेडून वाजणारं जुनं कळवाद्य) आहे असं कित्येक जाणकारही सांगतात. तो साधा पियानो आहे. गाण्यात तेवढी जागा रिकामी सोडली होती. निर्माता जॉर्ज मार्टिननं तिथे बाखच्या धाटणीचा तुकडा रचला, पण गाण्याच्या लयीत तो त्याच्या बोटांना झेपेना. मग त्यानं टेप निम्म्या वेगानं चालवली आणि तुकडा एक सप्तक खाली, निवांत वाजवला. टेप पुन्हा नेहमीच्या वेगावर आणली की स्वर एक सप्तक वर जातात, आणि प्रत्येक स्वर विरायला लागणारा वेळही अर्धा होतो. त्यामुळे पियानोची आस, म्हणजे मागे घुमत राहणारा नाद, तुटते आणि तार छेडल्यासारखा कोरडा, टपोरा ध्वनी उरतो. पंधरा-सतरा सेकंदांचं काम आहे, पण गाणं त्यानंच उजळलंय.

आता तुम्ही लिहा.

गिटारवेडा

धागा फार आवडला. माझ्याकडून ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया'.

या गाण्याची चाल त्यांच्या गिटारवादकानं, डॉन फेल्डरनं, भाड्याच्या घरात, साध्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवली होती. बारा तारांच्या गिटारवर, सातव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून. म्हणून सुरुवातीचे ते स्वर गिटारचे असूनही इतके वरचे आणि काचेसारखे लागतात. बँडनं आधी गाणं ई मायनरमध्ये ध्वनिमुद्रित केलं, पण गायक डॉन हेन्लीला ते फार वर जायला लागलं. पट्टी बदलून बी मायनर केली आणि सगळं नव्यानं वाजवलं. गायकाची पट्टी सापडेपर्यंत अख्खं ध्वनिमुद्रण बाजूला ठेवायची तयारी होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

शेवटच्या दोन मिनिटांच्या सोलोची हकीकत फेल्डरनंच सांगितली आहे. मायामीच्या स्टुडिओत तो आणि जो वॉल्श नवं काहीतरी वाजवायला लागले तर हेन्लीनं थांबवलं. त्याला मूळ टेपमधलेच स्वर हवे होते. टेप होती कॅलिफोर्नियातल्या घरी. मग फेल्डरनं घरकाम बघणाऱ्या बाईंना फोन लावला, त्यांना कॅसेट शोधून टेपरेकॉर्डरवर लावायला सांगितली, आणि फोनवरून ते ऐकून स्वतःचाच सोलो पुन्हा बसवला.

ऐकताना असं करा: आधी फेल्डर, मग वॉल्श, असे दोघे आलटून पालटून वाजवतात. फेल्डरचा स्वर गोल आणि लांब, वॉल्शचा जास्त धारदार, तार खेचून वाजवलेला. थोड्या वेळानं दोघं एकत्र येतात आणि समांतर स्वरांच्या उतरत्या लडी सुरू होतात. तिथून गाणं संपेपर्यंत दोन गिटार एका श्वासात चालतात. डावा-उजवा कान वेगळा लक्षात घेतलात तर कोण कुठे आहे ते स्पष्ट कळतं.

शब्दप्रेमी

मंद्रसप्तक, लेखन सुंदर आहे पण मुद्दा मला अर्धाच पटतो. गाणी ध्वनीमुळे ओळखू येतात हे मान्य. पण ओळखू येणं वेगळं आणि आयुष्यभर सोबत राहणं वेगळं.

डॉन मॅक्लीनचं 'अमेरिकन पाय' घ्या. साडेआठ मिनिटांचं गाणं, १९७१ चं. मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या छोट्या तबकडीच्या एका बाजूवर मावेना म्हणून दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं कापून दिलं होतं. अर्धं झालं की उठून तबकडी उलटायची, आणि लोक उलटत होते. का? तर पुढे काय म्हणतोय ते ऐकायचं होतं म्हणून. ३ फेब्रुवारी १९५९ ला बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि बिग बॉपर आयोवात विमान अपघातात गेले. मॅक्लीन तेव्हा घरोघर वर्तमानपत्रं टाकणारा मुलगा होता, त्याच्या हातातल्या गठ्ठ्यातच ती बातमी होती. तिथून सुरू करून तो सगळ्या साठच्या दशकाचा हिशेब मांडतो. गाण्यात वाद्यांची करामत फारशी नाही.

जॉन डेन्व्हरचं 'टेक मी होम, कंट्री रोड्स' तसंच. मूळ गाणं बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट या जोडीनं लिहायला घेतलं, मग तिघांनी मिळून पुरं केलं. वेस्ट व्हर्जिनिया या जोडीनं नीट पाहिलेलंही नव्हतं. कल्पना सुचली ती मेरीलँडमधल्या एका अरुंद रस्त्यावरून गाडीनं जाताना. तरी २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियानं ते आपलं अधिकृत राज्यगीत म्हणून स्वीकारलं. ज्यांनी अमेरिका नकाशातच पाहिली तेही हे गाणं म्हणताना गलबलतात. हे काम शब्दांचं आहे. माइक कुठे ठेवला यानं ते होत नाही.

मंद्रसप्तक

@शब्दप्रेमी, तुमच्या मुद्द्याला उत्तर द्यायला एक गाणं आयतंच तयार आहे. सायमन आणि गारफंकल यांचं 'द साउंड ऑफ सायलेन्स'.

१९६४ मध्ये हे त्यांच्या पहिल्या अल्बमवर आलं. दोन गळे, एक अकूस्टिक गिटार, बस्स. अल्बम सपशेल आपटला, दोघं वेगळे झाले, पॉल सायमन इंग्लंडला निघून गेला. जून १९६५ मध्ये निर्माता टॉम विल्सननं तीच जुनी टेप काढली आणि तिच्यावर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम चढवले. या दोघांना पत्ताही नव्हता. जानेवारी १९६६ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. शब्द तेच, गळे तेच, अगदी ध्वनिमुद्रणही तेच. बदलला तो फक्त मागचा साज.

दोन्ही आवृत्त्या एकामागोमाग एक लावून ऐका. दुसऱ्या आवृत्तीत एके ठिकाणी ड्रम किंचित घुटमळतो, कारण मूळ गाताना दोघांची लय थोडी पुढे-मागे झाली होती आणि वादकांना त्यांच्या मागून जावं लागत होतं.

आणि 'द बॉक्सर', १९६९. त्याचं ध्रुवपद ज्या अक्षरांवर आहे त्यांना अर्थच नाही. तिथे आपल्याला शब्द सुचले नव्हते हे सायमननं स्वतः सांगितलंय. तरी तेच सगळ्यांच्या तोंडी आहे. त्यातला तो तोफेसारखा आघात हाल ब्लेन या ड्रमवादकाचा. स्टुडिओच्या खोलीत हवा तसा घुमारा मिळेना, म्हणून न्यूयॉर्कच्या कोलंबियाच्या इमारतीत लिफ्टसमोरच्या बोळात ड्रम नेऊन ठेवला. लिफ्टच्या विहिरीतून जो प्रतिध्वनी आला तो आपण आजही ऐकतो.

शब्दप्रेमी

'द बॉक्सर' तुमचं. तिथे मी गप्प.

पण 'साउंड ऑफ सायलेन्स'ची गोष्ट अर्ध्यावरून सुरू करताय. टॉम विल्सनला ती जुनी टेप का काढावीशी वाटली? कारण आपटलेल्या अल्बममधलं हेच गाणं बॉस्टनच्या रेडिओवर रात्री वाजायला लागलं होतं आणि कॉलेजातली पोरं ते पुन्हा पुन्हा मागत होती. ती नुसत्या गिटारवाली, साधी आवृत्ती होती. म्हणजे आधी शब्दांनी माणसं धरली, मग साज चढला. साजानं गाणं लांब पोचवलं, हे मात्र कबूल.

खालची_पट्टी

दोघांच्या मधे मी येते, कारण माझ्या गायिकेत शब्द आणि ध्वनी वेगळे काढताच येत नाहीत. कॅरन कार्पेंटर.

माझा आवाज जन्मतः खालचा. लहानपणी गाण्याच्या क्लासला बायकांची पट्टी काळी चार-पाच असं धरूनच पेटी लावली जायची. तिथे पोचताना माझा गळा ताणायचा आणि आवाज लहान आहे असा शिक्का बसायचा. कॉलेजात असताना एका मैत्रिणीकडे 'रेनी डेज अँड मंडेज' ऐकलं आणि मी थक्क झाले. ही बाई खालीच गात होती, तिथेच राहत होती, आणि सगळा जीव त्या खालच्या स्वरांतच होता. त्या दिवसापासून मी माझ्या पट्टीत गाते.

कॅरन स्वतःला आधी ड्रमवादक समजायची. गायला लागल्यावरही कितीतरी दिवस ड्रमच्या मागे बसूनच गायची, मग तिला आग्रहानं पुढे आणून उभं केलं. मला वाटतं तिची लय इतकी पक्की असण्याचं कारण तेच. ती ओळ कधी घाईनं उचलत नाही, आणि मात्रेच्या अंमळ मागे राहूनही तोल जाऊ देत नाही.

'सुपरस्टार', १९७१, हे मन लावून ऐकावं. भाऊ रिचर्डनं गाण्याचे शब्द कागदी नॅपकिनवर खरडून दिले. ते बघत तिनं वादकांना अंदाज यावा म्हणून नुसतं गाऊन दाखवलं, आणि तेच गाणं तबकडीवर गेलं. पुन्हा गायची गरजच पडली नाही. सुरुवातीचे वाद्यांचे स्वर थांबले की ती जवळजवळ बोलण्याच्या आवाजात येते. पहिल्या ओळीत श्वास ऐकू येतो. ध्रुवपदात मागे जो मोठा गायकवृंद वाटतो तो मुळात दोनच माणसांचा आहे, ही बहीण आणि तो भाऊ. दोघांनी एकेक सूर टेपवर थरावर थर चढवत भरलाय. एकाच घरातले दोन गळे असल्यामुळे थरांचे सांधे दिसत नाहीत.

४ फेब्रुवारी १९८३ ला ती गेली, बत्तीस वर्षांची. अ‍ॅनोरेक्सिया हा खाणं तोडून शरीर झिजवणारा तिचा आजार तोवर सामान्य लोकांना माहीतही नव्हता, तिच्या मृत्यूनंतर त्याच्याबद्दल उघड बोललं जाऊ लागलं. मी तिची गाणी लावते तेव्हा मला ते दुःख आधी आठवत नाही. आधी तिचा खर्ज येतो.

कोकणकडा

+१ खालची_पट्टी. डोळ्यांत पाणी आलं.

इथे बोनी एमचं नाव काढलं तर चालेल ना? त्यांना हलकंफुलकं म्हणून बाजूला टाकायची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. ७८-७९ साली गणपतीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत लाउडस्पीकरवर 'रासपुतिन' आणि 'डॅडी कूल' वाजायचंच. पण 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' शांतपणे ऐका. शब्द बायबलच्या १३७ व्या स्तोत्रातले, देशोधडीला लागलेल्या लोकांचा विलाप. १९७० मध्ये जमैकातल्या मेलोडियन्स या त्रिकुटानं ते रास्ताफारी या तिथल्या धर्मपंथाच्या भक्तीचं गाणं म्हणून आधी गायलं. फ्रँक फारियान या जर्मन निर्मात्यानं १९७८ मध्ये त्याचं हे रूप केलं. लिझ मिचेलचा आवाज जमैकात जन्मलेल्या बाईचा आहे, आणि नाचायच्या ठेक्यातही ती तो विलाप सुटू देत नाही. तिच्या मागचा कोरस नीट ऐका.

आणि एक. स्टेजवर जो नाचणारा बॉबी फारेल दिसायचा, त्याचा आवाज रेकॉर्डवर नाहीच. तो जाड पुरुषी आवाज फारियानचा स्वतःचा.

अवांतर: आमच्या वसईत नाताळ आला की जिम रीव्हजची १९६३ ची नाताळगीतांची तबकडी घराघरांतून वाजायची. कित्येक घरांत अजून वाजते.

घाटमाथा

आपल्या भागाशी थेट संबंध असलेल्या दोन-तीन गोष्टी सांगतो.

जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करत होता. 'वंडरवॉल' चित्रपटाच्या संगीताचं काम होतं. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खान, बासरीवर एस. आर. केंकरे अशी मंडळी त्या अल्बमवर आहेत. त्याच मुक्कामात 'दि इनर लाइट'चा वाद्यमेळ मुंबईत भरला गेला. गायन पुढच्या महिन्यात लंडनला झालं आणि मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला बाहेर पडलं. बीटल्सच्या सिंगलवर आलेलं हॅरिसनचं हे पहिलं गाणं. यात बाकीच्या बीटल्सची वाद्यं नाहीत. इथल्या वादकांना पाश्चात्त्य साच्यात कोंबलेलं नाही, उलट लिव्हरपूलचा गवई आपल्या वाद्यमेळात येऊन गातो. म्हणून मला ते त्या काळच्या सगळ्या 'सतार घातलेल्या' गाण्यांहून वरचं वाटतं.

१९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांबरोबर 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' पुन्हा वाजवून पाहिली. ती ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. तबला आणि व्हायोलिनच्या ताफ्यासह 'फ्रेंड्स' ऐकाच.

आणि पाचगणीचा फ्रेडी मर्क्युरी, क्वीन या बँडचा गायक. फारोख बलसारा आठ-नऊ वर्षांचा असताना झांझिबारहून इथल्या सेंट पीटर्स शाळेत आला. पियानो इथे शिकला, १९५८ मध्ये शाळासोबत्यांबरोबर 'द हेक्टिक्स' हा बँड इथेच काढला. त्या बँडमध्ये मुख्य गायक दुसराच मुलगा होता, फारोख पियानोवर असायचा. क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्डची गाणी वाजवायचे. हा क्लिफ रिचर्डही लखनौत जन्मलेला.

नवखी

मी या धाग्यावर बहुतेक सगळ्यात लहान असेन. आईबाबांमुळे ही गाणी कानावर पडली. घाटमाथा, क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'च्या मधल्या ऑपेरात नक्की किती लोक गातायत?

घाटमाथा

@नवखी, तीनच. मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. सगळ्यात वरचे, जवळजवळ बायकी वाटणारे सूर ड्रमवादक टेलरचे. १९७५ चं काम, टेप २४ ट्रॅकची, म्हणजे शेजारी शेजारी २४ वेगळे आवाज भरता येणारी. तिघांनी एक सूर भरायचा, मग सगळे थर एका ट्रॅकवर एकत्र आणायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेवर पुढचे भरायचे. तेवढ्या भागाला तीनेक आठवडे लागले. टेप यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा चुंबकीय लेप झिजून आरपार उजेड दिसायला लागला, असं ब्रायन मेनं सांगितलंय. पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं गाणं रेडिओवाले लावणार नाहीत, कापा, असा सल्ला होता. त्यांनी कापलं नाही. इंग्लंडमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

नवखी

धन्यवाद! अजून एक विचारायचं होतं. माझी आजी ऐंशीच्या पुढे आहे. तिला बीटल्स आणि एंगलबर्ट हम्परडिंक फार आवडतात. हल्ली श्रवणयंत्र लावल्यापासून ती म्हणते, गाणी थरथरल्यासारखी ऐकू येतात, आणि मी एक इअरफोन तिला देऊन एक मी लावला तर तिला नुसतीच वाद्यं येतात, गाणारा येतच नाही. तिचं ऐकणं सुटू नये असं फार वाटतं.

ध्वनियंत्री

@नवखी, माझं आयुष्य ध्वनिमुद्रणात गेलं, म्हणून सविस्तर लिहितो. दोन्ही अडचणींवर उपाय आहे.

आधी इअरफोनचं. १९६७-६८ पर्यंत बीटल्स स्वतः बसून करायचे ते मोनो मिश्रण, म्हणजे दोन्ही कानांना सगळा आवाज सारखाच. स्टिरिओत डाव्या-उजव्या बाजूला वेगवेगळा आवाज असतो. 'सार्जंट पेपर'च्या मोनोवर आठवडे गेले, स्टिरिओ काही दिवसांत उरकलं, कारण घरोघर मोनो यंत्रंच होती. 'रबर सोल'च्या स्टिरिओ आवृत्तीत वाद्यं बरीचशी एका बाजूला आणि गळे दुसऱ्या बाजूला आहेत. एकच इअरफोन लावला की अर्धं गाणं गायब. आजीच्या कानात वाद्यांची बाजू गेली, तुमच्या कानात गायकाची. फोनच्या सेटिंगमध्ये, सुलभता या सदरात, ध्वनी मोनो करायची सोय असते, ती चालू करा. किंवा २००९ मध्ये आलेली मोनो आवृत्ती मिळवा. ती ऐकल्यावर मला ड्रम आणि बास किती घट्ट होते ते नव्यानं कळलं.

आता श्रवणयंत्र. ती यंत्रं मुळात बोलणं समजावं म्हणून बसवलेली असतात. हळू आवाज मोठा करायचा, मोठा दाबायचा, असं त्यांचं सतत चालू असतं. शिवाय शिट्टी वाजू नये म्हणून त्यात एक व्यवस्था असते. लांब धरलेला स्वर, म्हणजे बासरी, ऑर्गन, गायकाचा ठेहराव, तिला शिट्टीसारखा वाटतो आणि ती तो मोडायला जाते. थरथर तिथून येते. तुमच्या ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम लावून द्यायला सांगा. बऱ्याच यंत्रांत तो असतोच, फक्त चालू केलेला नसतो. गाणं ऐकताना तेवढा तो निवडायचा.

वयानुसार आधी वरचे ध्वनी जातात: झांजांची किणकिण, स आणि श. खालचे आणि मधले बराच काळ टिकतात. त्यामुळे आजीला हम्परडिंक सोपा जात असणार, भरदार पुरुषी आवाज पुढे आणि वाद्यं मागे. तिला सांगा, तिचा गायक १९३६ मध्ये मद्रासला जन्मला आणि १९६७ मध्ये त्याच्या 'रिलीज मी'नं बीटल्सची 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊ दिली नाहीत.

सगळ्यांसाठी एक सूचना. जुन्या गाण्यांच्या स्वस्त संग्रहांत आणि अ‍ॅपवर पुष्कळदा मूळ गायकानं वीस-तीस वर्षांनी पुन्हा गायलेली आवृत्ती असते. नाव तेच, चित्र तेच. गाणं ओळखीचं असून काहीतरी हुकल्यासारखं वाटलं तर मूळ अल्बमचं नाव आणि साल शोधून तिथून लावा. या धाग्यावर ज्या बारकाव्यांबद्दल लिहिलंय ते पुन्हा गायलेल्या आवृत्तीत मिळणार नाहीत.

नवखी

मोनो आत्ताच चालू करून पाहिलं. आजीला 'इन माय लाइफ'मध्ये गाणं आणि पियानो दोन्ही आलं! ऑडिओलॉजिस्टची वेळ सोमवारची घेतली आहे.

नाडीपरीक्षा

मी परिचारिका आहे, आणि बी जीजचं 'स्टेइंग अलाइव्ह' आमच्या कामाचं आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते. या गाण्याचा ठेका मिनिटाला साधारण १०३ चा आहे, म्हणून जगभर प्रशिक्षणात तो शिकवतात. मीही शिकवते.

ठेका इतका अढळ का, तर तो माणूस वाजवतच नाहीये. १९७७ मध्ये फ्रान्समधल्या एका जुन्या वाड्यात ध्वनिमुद्रण चालू होतं. ड्रमवादक डेनिस ब्रायनला घरच्या अडचणीमुळे परत जावं लागलं. मग त्यांनी 'नाइट फीव्हर'साठी त्यानंच वाजवलेले दोन आवर्तनांचे ड्रम उचलले, टेपचा तेवढा तुकडा कापून टोकं जोडली आणि तो पट्टा माइकच्या स्टँडवरून खोलीभर फिरवत ठेवला. अख्खं गाणं त्या एका पट्ट्यावर उभं आहे. अल्बमवर ड्रमवादक म्हणून बर्नार्ड लूप असं नाव छापलंय. लूप म्हणजे तो टेपचा पट्टाच, तो माणूस अस्तित्वातच नव्हता. तोच पट्टा पुढे त्यांनी 'मोअर दॅन अ वुमन'लाही वापरला.

घरात कोणी वयस्क असेल तर छाती दाबायचं प्रशिक्षण घ्या, एका दुपारचं काम आहे.

मंद्रसप्तक

@नाडीपरीक्षा, हे 'मोअर दॅन अ वुमन'चं माहीत नव्हतं, लगेच लावतो. अ‍ॅबावर अजून कोणीच लिहिलेलं नाही. त्यांचा ध्वनिमुद्रक मायकेल ट्रेटोव एकच तुकडा पुन्हा वाजवून घ्यायचा आणि दुसऱ्या वेळी टेपचा वेग किंचित बदलायचा, त्यातून तो दाट, चमकदार ध्वनी यायचा. 'रिंग रिंग'पासून ते ऐकू येतं. 'डान्सिंग क्वीन'वर कोणी लिहील का? गिटारवेडा, तुम्हीच घ्या.